हाड सावकाश भरतं

अकोला, ता. १० जुलै १९३३

तीर्थरूप बाबांचे चरणी जमुनेचा साष्टांग नमस्कार वि. वि.

होळीत विहिरीवर मोटेचे बैल चालतात त्या धावेवरून पडून मोडलेली माझी मांडी सांधली. हाडवैद्यानं पट्ट्या सोडल्या. पण पाय पार वाळला आहे. उभी राहिली की थरथरतो. सासूबाई मायेनं म्हणतात, निजून राय, पुन्हा मोडन. आणि त्याच शेजारणीले सांगतात, मळ्याले हात पायजे, घराले लेकरू पायजे. तुम्ही तालमीत इतकी पोरं घडवली. माझ्या पायाचं काही होईल का, ते कळवावं. आईले नमस्कार. माया असू द्यावी.

तुमची जमुना


अमरावती, ता. १६ जुलै १९३३

चि. सौ. जमुनेस शेषरावाचे अनेक आशीर्वाद.

बाई, निजून राहू नको. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नाही, जित्ती वस्तू आहे. भार पडला की दाट होतं, पडून राहिलं की आतून पोकळ होतं. आधी भिंत धरून नुसती उभी राय. मग खाटेवरून उठ-बस कर. ठणका लागला तर त्या दिवशी थांब. घाई मात्र करू नको. आमच्या पोट्ट्यांच्या मांड्या लवकर भरतात, त्याईले वाटते झालो पहेलवान. पण सांधे बांधून ठेवणाऱ्या शिरा आणि हाडं मागाहून भरतात. वर्ष लागेल, पण पाय होईल. तुझी आई हसून म्हणते, लेकीलेही तालमीत घातलं का! खुशाली कळवत जा.

तुझा बाबा


अकोला, ता. २० सप्टेंबर १९३३

तीर्थरूप बाबांस जमुनेचा नमस्कार.

भिंत सुटली, आता काठी धरून ओसरीवर फिरते. मांडीवर मांस आलं. पण सासूबाईंनी काल यांना सांगितलं की तुळशीचं लग्न झालं की दुसरी पोरगी पाहायची. हे बैल घेऊन मळ्यात निघून गेले. बाबा, मी रोज दुप्पट मेहनत केली, फुलांची पाटी उचलली, तर तोवर पाय होईल का? लवकर लिहा.

जमुना


अमरावती, ता. १५ ऑक्टोबर १९३३

चि. सौ. जमुनेस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळताच मी येऊन गेलो, ते तू पाहिलंच. आत तुला सांगता आलं नाही म्हणून लिहितो. जावई खुशालराव टेशनावर पोचवायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे हात जोडले. एक वर्ष थांबा म्हटलं. ते खाली पाहून म्हणाले, मायच्या पुढं माह्यं काही चालत नाही. बाई, पाटी उचलू नको. कोणाच्या मुहूर्तासाठी हाड भरत नसते. ते पुन्हा मोडलं तर माझ्याजवळ इलाज नाही. इकडे येतीस तर बरं होतं. तुझ्या काळजीनं आई दिवसभर चुलीपुढून उठत नाही.

बाबा


अकोला, ता. ४ मार्च १९३४

तीर्थरूप बाबांस जमुनेचा नमस्कार.

यांचं दुसरं लग्न पौषाआधी उरकलं, हे तुम्हाला कळलं असेल. मी पाटी उचलली नाही, तुमचं ऐकलं. काल काठी ठेवून मळ्याच्या बांधावरून चालत गेली आणि परत आली. पाय दुखला नाही. सासूबाई पाहून आत गेल्या. यांनी मोटेकडे तोंड फिरवलं. नवी सून सुभद्रा लहान आहे, वांगी तोडत होती. ती धावत आली, माझ्या पायाकडे पाहून रडू लागली. म्हणे, बाई, तुमी चालून राहिल्या, तर मले काहून आणलं?

मी पदरानं तिचे डोळे पुसले. तिला काय सांगावं, ते तुम्हाला सुचलं तर लिहावं. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमची जमुना