जाळीला तेल

कवठे महांकाळ, १९७४. पौषातला रविवार, दिवेलागण.

आज पुन्हा तेच. थोरले दीर पलटणीतून रजेवर आले तेव्हा मटण भाजायची लोखंडी जाळी घेऊन आले, आणि जाताना ती यांच्या हवाली करून गेले. तेव्हापासून दर रविवारी मटण भाजून झालं की हे अंगणात बसतात. जाळी गरम असतानाच अर्ध्या कांद्यानं घासतात, मग फडक्यानं तेल लावतात. एकेका गजाला. किती हळुवार! स्वतःचं जेवलेलं ताट कधी जागचं हलवत नाही हा माणूस.

"द्या, मी घासते," म्हटलं तर म्हणाले, "हात लावू नगंस. तू पितळेसारखी चिंच-राख लावशील. तेल निघून जाईल आन् गंज चढंल. लय नाजूक असतीया."

नाजूक! लोखंड! आणि थंडीनं माझ्या हातांना भेगा पडल्यात, त्या दिसल्या का कधी? बोटभर तेल लावायचं सुचलं?

लोखंडाच्या जाळीचा हेवा करतेय मी. हसावं की रडावं?

उद्या हे दिवसभर तासगावला जाणार आहेत. चिंच भिजत घातलीय. राखही चाळून ठेवलीय.