ट्रॉन्डहाइमची रांग

१ मार्च २०१३
सकाळीच तुरीदचा फोन. माझी संपादक आहे, तिला हक्क! "हाल्वर, ईस्टरची खुनाची कादंबरी दुकानांत पोचली. यंदा ट्रॉन्डहाइमलाही सह्या करायला जायचंय. कुरकुर नको."
केली नाही. माझी लेक सिन्ने तिथेच राहते.

४ मार्च
सिन्नेला पत्र टाकलं. चार ओळी. सोळाला, शनिवारी, दुकानात आहे, येऊन जा. नाही आलीस तर पुन्हा त्रास देणार नाही.
अकरा वर्षं झाली पोरीने तोंड दाखवलेलं नाही.

९ मार्च
उत्तर नाही. कशाला देईल? तिने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या तेव्हा आठवडाभर तिच्या उशाशी बसलो. नुसता बसलो नाही – टिपणं काढली. मग पुस्तकात सगळं आलं. तिची खोली, तिची चिठ्ठी, शब्द न् शब्द. ईस्टरला खुनाच्या कादंबऱ्या वाचायची आमची रीत; अख्ख्या नॉर्वेने सुट्टीत डोंगरातल्या केबिनमध्ये बसून, संत्री सोलत, ती चिठ्ठी वाचली. माझं सगळ्यात खपलेलं पुस्तक.
"बाबा, मी मेले असते तर शेवट आणखी रंगला असता, ना?" एवढंच म्हणाली. त्यानंतर काही नाही.
लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हे जास्त वाईट.

१२ मार्च
टपालात फक्त वाचकांची पत्रं.

१६ मार्च, ट्रॉन्डहाइम
चार तास. बोटं सुजली. मी यायच्या आधीच रांग लागलेली. दुकानातली बाई प्रत्येकाला नाव विचारून पिवळी चिठ्ठी पुस्तकाला डकवते, म्हणजे लेखकाने मान वर करायलाही नको. नाव, शुभेच्छा, सही – पुढचा. मी दाराकडे बघत होतो. दार उघडलं की पेन थांबायचं.
"अरे, समोरच्यांकडे बघ की जरा," तुरीद पुटपुटली. "तासन्‌तास उभे आहेत बिचारे."
दुकान बंद होईपर्यंत बसलो. आली नाही.

१७ मार्च, बर्गेन
संपलं. शब्द दिलाय, आता पत्र नाही. पुढच्या वर्षीच्या पुस्तकाचं काय, तुरीदने विचारलं. म्हटलं, कोणाला मारू ते तूच सांग. ती हसली.

२२ मार्च
सिन्नेचं पाकीट. आत पुस्तकाचं फाडलेलं पहिलं पान. वर माझं अक्षर – "आयलिफला, ईस्टरच्या शुभेच्छा." खाली तिचं – "आयलिफ माझा मुलगा. सात वर्षांचा आहे. आजोबा बघायचे म्हणून दुकान उघडायच्या आधीपासून रांगेत होता. बाबा, तू आमच्या पलीकडे दाराकडे बघत होतास. 'पुढचा' म्हणालास."