यांचं नळीचं गणित

चि. भाऊजींना वहिनीचा पोटभर आशीर्वाद. कंबर कशी आहे? (फळ्यावर वाकून खालपर्यंत लिहू नका, मागच्या बाकावरच्यांना तसंही दिसत नाही.) मी ठणठणीत. घरात सध्या आम्ही दोघं आहोत, त्याबद्दलच लिहायला बसले.

तुमच्या दादांना जाऊन दोन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, शिकवू नका. पण सोमवारी दुपारी मी भांडी घासत होते आणि मागच्या खोलीत खडू वाजला. टक, सर्र, टक. जाऊन बघते तर भिंतीवरच्या त्यांच्या अर्धवट गणिताखाली नवी ओळ! अक्षर त्यांचंच, कोंबडीचे पाय. खडूची पूड अजून खाली पडत होती.

ते गणित तुम्हीच त्यांच्या मागे लावलंत. कारखान्यात साहेबाने एका जाड नळीच्या जागी दोन बारीक बसवल्या, तेल तुंबलं, आणि बोल आला फिटरवर, म्हणजे यांच्यावर. हे म्हणाले, नळीची रुंदी निम्मी केली की तेल सोळाव्या हिश्शावर येतं. तुम्ही हसलात, "दादा, नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं." झालं! तेव्हापासून ताटं गार व्हायला लागली. मला समोर बसवून सांगायचे, नळीतलं तेल म्हणजे एकात एक घातलेली नळकांडी. भिंतीला चिकटलेलं हलत नाही, मधलं सगळ्यात जोरात पळतं. मागून दाब ढकलतो, शेजारचं चिकटून मागे ओढतं. दोघांची बरोबरी मांडून वेग काढायचा, मग सगळ्या नळकांड्यांची बेरीज. (सातवी पास बाईला कळलं, तुमच्या वर्गातल्या पोरांना का कळत नाही?) वेगाच्या ओळीपर्यंत पोचले आणि गेले.

आता रोज दुपारी एक ओळ येते. खोलीतली हवाही तेलासारखी दाट झालीय. काल भिंतीच्या कडेने चालले तर पाऊल उचलेना; मधून गेले तर कुणी मागून ढकलल्यासारखी पळतच पलीकडे! मी ओलं फडकं फिरवून ओळ पुसली. त्यांनी तीच परत लिहिली, इतकी दाबून की खडू मोडला. (राग तोच, बाई.) आज बेरीज मांडलीय. तुमच्या जुन्या पुस्तकात बघितलं, आता एकच ओळ उरलीय.

उद्या सकाळच्या गाडीने या.

तुमची वहिनी

ता.क. खोली भाड्याने द्यायची म्हणून रंगारी बरोबर आणाल तर दारातूनच परत पाठवीन.

ता.क. आणखी एक. मी भ्यायले नाही हो. पण गणित सुटलं की हे इथे थांबायचे नाहीत. काम झाल्यावर घटकाभर बसायची सवय त्यांना जिवंतपणी तरी कुठे होती? म्हणून या, आणि त्या बेरजेत एक चूक घालून द्या. मी घातली तर लगेच ओळखतील. तुमच्या अक्षरावर मात्र त्यांचा डोळे मिटून विश्वास. चांगली प्राध्यापकी चूक घाला, शोधायला वीस वर्षं लागतील अशी. तेवढी मला पुरतील.