माणशी अर्धं मिनिट

३ फेब्रुवारी
इथला तिसरा दिवस. आज एकोणसाठ जखमी. सकाळचे मी मोजले, पुढचा आकडा पहिलवानाने सांगितला. पहिलवान म्हणजे आमचा स्ट्रेचरवाला — काडीसारखा माणूस, पूर्वी सुतारकाम करायचा.

टेकडीच्या आडोशाला ताडपत्रीवर जखमींना उतरवतात. मी एकेकापाशी वाकते. श्वास, नाडी, बोललेलं कळतंय का. माणशी अर्धं मिनिट. मग मनगटाला पट्टी. लाल — लगेच सर्जनच्या तंबूत. पिवळी — थांबू शकतो. हिरवी — चालत जाईल. काळी — बाजूला, झाडाखाली. असलंच तर दुखणं थांबवायचं इंजेक्शन.

मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसलेल्या एकाने विचारलं, "बाई, तुम्ही गुरांच्या डॉक्टर म्हणे?"
हो म्हटलं. माणसांचे उरलेत कुठे!
"मग जरा जपून. मला शिंगं नाहीत."
पिवळी.

५ फेब्रुवारी
पाय सुजलेत. बूट निघेना. तसेच राहू देत.

६ फेब्रुवारी
एक हवालदार. अंगभर भाजलेला, पण पूर्ण शुद्धीत. असे लोक बोलतात, तेच अवघड. काळी बांधली. त्याला रंगाचा अर्थ माहीत नव्हता.

"डॉक्टर, माझा नंबर कधी?"
"लागेल."

जवळून गेले की दर वेळी तेच. चौथ्या वेळी म्हणाला, "मला घाई नाही हो. आधी ह्या पोरांचं बघा." त्यानंतर विचारलं नाही. चारच्या सुमाराला गेला.

संध्याकाळी सर्जनना म्हटलं, एखादा काळ्या पट्टीचा घेऊन बघाल का? ते हात धूत होते. मान वर न करता म्हणाले, "टेबल एकच. त्या एकात दोन तास जातात. तेवढ्यात तीन लाल होतात. कोणते तीन सोडू, तेवढं सांगा."


९ फेब्रुवारी
ताईचं पत्र. नीट जेवतेस का, केस धुतेस का. माझ्या दवाखान्यापुढे लोक अजून गाई घेऊन येतात म्हणे, कुलूप बघून परत जातात. तिथे एका अडलेल्या गाईसाठी मी दिवस दिवस बसायचे. कुणी घड्याळ बघत नव्हतं.
उत्तर उद्या लिहीन.

११ फेब्रुवारी
सर्जननी आज वाचलेल्या-गेलेल्यांची यादी नजरेखालून घातली. म्हणाले, "तुमचा हात बसला आता. लाल पट्टीचे बरेचसे वाचतात. झाडाखालचा एकही उठला नाही. म्हणजे निवड बरोबर होतेय."
इथे आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. जेवताना लाजही वाटली.

१२ फेब्रुवारी
बहात्तर. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी
पहिलवानाची बदली झाली. लॉरीत चढण्याआधी त्याने मला बाजूला बोलावलं.

"बाई, रागावू नका. रोज एक काळी मी सोडत होतो. लाल बांधून तंबूत नेत होतो."
"कुणाची?"
"झाडाखाली ठेवताना जो माझ्याकडे बघेल, त्याची."
"किती?"
"अकरा. चार जगले."

त्या अकरांसाठी मागे ठेवलेल्यांतले किती गेले, हे त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. लॉरी गेली.

ताडपत्रीवर तेवीस जण होते. पहिल्यापाशी वाकले. तो माझ्याकडेच बघत होता.