खोल खाचांचे टायर

भूम, पौष वद्य चतुर्थी, संध्याकाळ

मास्तरांच्या मुलीला घटसर्पाचं इंजेक्शन देऊन तास झाला. घशातली घरघर कमी होत नाही.

दिवाळी झाली की चिखलात पकड धरणारे खोल खाचांचे टायर उतरवून कोठीत ठेवायचे आणि कोरड्या सडकेवर जुने, झिजलेले वापरायचे, हा माझाच नियम. लढाईमुळे नवे परवान्याशिवाय मिळत नाहीत. सकाळी इकडे निघताना आभाळ पाहून ड्रायव्हर युसूफ म्हणाला, "डॉक्टरसाब, खाचांचे चढवू. घंटाभर लागंल."

"पौषात कुठला आलाय पाऊस?" मी म्हणालो. तेव्हा तो तास वाचवत होतो, की टायर?

वाटेत सर आली. काळ्या मातीत मोटार घसरून चरात गेली. उरलेले पाच कोस बैलगाडीनं आलो. चार तास गेले.

"कवाधरनं वाट बघतोय," मास्तर म्हणाले.

"रस्ताच लई खराब, मास्तर," युसूफनं माझी बाजू सावरून घेतली. मास्तरांनी स्वतः माझ्या पायांचा चिखल धुतला. मी धुऊ दिला.

घरघर अजून चालूच आहे. त्यांना खरं सांगायला हवं. मुलगी वाचली की सांगेन, असं मनात येतं. म्हणजे गेली, तर सांगणार नाही?