तांदळातली सहा सीताफळं

१४ ऑक्टोबर, सोमवार
चार खाल्ली! शाळेच्या झाडाची सीताफळं, हेडसरांनी पोषण आहाराच्या तांदळात पिकत घातलेली. पाटोद्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. हेडसरांना स्वतःला साखरेचा आजार, तोंड लावायची सोय नाही! मी तांदूळ बघायला गेले आणि वास आला. झालं. बिया रुमालात बांधून घरी आणल्या. अठरा वर्षं मराठी शिकवतेय, चोरी पहिलीच. लई गोड होती!

१५ ऑक्टोबर
परिपाठाला मोहनराव हेडसर गरजले — "सहा सीताफळं गेली! मला गुन्हेगार पायजे!"
सहा? मी तर चारच...
"वनिताबाई, उद्या फळ्यावर 'आजचा शब्द' हाच घ्या. अर्थासकट. ज्याला लागायचं त्याला लागू द्या."
हसू दाबताना ठसका लागला.

१६ ऑक्टोबर
शब्दकोश काढला. गुन्हेगार — फारसीतून आलेला. गुनाह म्हणजे अपराध, गार म्हणजे करणारा. 'कामगार'मधला गार तोच. फळ्यावर कसं झकास अक्षर आलं!
सातवीतली सायली म्हणे, "बाई, ज्यानं केलंच न्हाई, त्याला काय म्हनायचं?"
उद्या सांगते म्हटलं.

१७ ऑक्टोबर
हसू आटलं. आळ शिपाई सुग्रीववर. का, तर तांदळाच्या खोलीची किल्ली त्याच्यापाशी! कंत्राटी माणूस. त्याला कमी करा म्हणून शनिवारी पत्र जाणार. टाकीपाशी मला म्हणाला, "बाई, म्या हात बी लावला न्हाई. पौर्णिमाची आन." पौर्णिमा त्याची लेक. मला त्याच्याकडे बघवेना. फळ्यावर मीच लिहिलंय ना — करणारा! किल्लीवाला कुठं लिहिलंय? लाज वाटते.

१८ ऑक्टोबर
सांगून टाकलं. परिपाठात, सगळ्या पोरांसमोर. "चार मी खाल्ली. बिया आणल्यात, बघा." पोरं खो खो हसली. हेडसर लालबुंद. मग म्हणाले, "आन् राहिलेली दोन? ती सुग्रीवचीच! पत्र उद्या जाणारच."
जीव जळला नुसता. लाज गेली ती गेली, सुग्रीव काही सुटला नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी ऑफिसात गेले. हेडसर पत्रावर सही करत होते. माझा फोन वाजला — त्यांच्या मंडळी, छबुबाई. "बाई, हे फोन उचलंनात. मंगळवारी रक्त तपासलं, त्याचा रिपोर्ट आला. साखर तीनशे! घरात मी गोडाचा कण देत न्हाई. शाळेत सीताफळं कोन खाऊ घालतंय ओ यांना? सोमवारी शर्टाच्या खिशात बिया घावल्या!"
म्हटलं, "छबुबाई, जरा परत सांगा." आणि फोन स्पीकरवर टाकला.