सरांच्या नावावर चाललेलं भाषण

सर, तुमच्या नावाने आता दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा होते. तुम्ही असता तर पहिल्याच वर्षी बंद पाडली असती, कारण हार, शाल आणि 'आदरणीय व्यासपीठ' या तिन्हींचा तुम्हाला सारखाच तिटकारा होता. यंदा मला परीक्षक म्हणून बोलावलं. आगरदांड्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गेले, ठेवणीतली साडी नेसून, आणि खरं सांगायचं तर मिरवायलाच गेले. आयुष्यभर पनवेलच्या शाळेत मुलांना बोलायला शिकवलं, आता आपल्या शाळेत मानाने बोलावतायत, एवढंच डोक्यात होतं. परत आले ती अशी की घरी सुनेने विचारलं, "आई, कुणी गेलं का?" मला तिला काय सांगावं ते कळेना. अजून कळत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुमचे शनिवार तुम्हाला आठवत असतील. सकाळची शाळा, शेवटचे तास वक्तृत्वाचे. बांगलादेशचं युद्ध होऊन गेलेलं, ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद अजून पुरते निघालेले नव्हते आणि खरवडलेल्या जागेतून बाकांवर ऊन पडायचं. तुम्ही कुठून कुठून इंग्रजी पुस्तकं मिळवून त्यांतली युद्धातली भाषणं स्वतः मराठीत करायचात. मग बोलणाऱ्याचं नाव काढायचं, देशाच्या जागी 'आपला देश' लिहायचं, समोरच्याच्या जागी नुसतं 'शत्रू'. एका शनिवारी कुणीतरी ते उभं राहून म्हणायचं, आठवडाभर सगळ्यांनी घरी म्हणून बघायचं, आणि पुढच्या शनिवारी तुम्ही सांगायचात की हे कोण बोललं, कधी बोललं, पुढे काय झालं. आम्ही त्याला झाकलेलं भाषण म्हणायचो. मधल्या दिवसांत आम्ही कितीही मागे लागलो तरी तुम्ही दाद देत नव्हता. "आधी भाषण ऐका, माणूस मग," एवढंच म्हणायचात.

माझ्या वाट्याला आलेलं भाषण मला मुळीच आवडलं नव्हतं. मासळी निवडत बसलेल्या आईसमोर मी ते म्हणून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ह्यो मानूस तर आधी आपन हरलो कसं तेच सांगतोय गं." तेच खरं होतं. शहरं जळतायत, सैन्य माघारी आलंय, आणि हा माणूस लोकांना म्हणतो की आणखी वाईट दिवस येणार आहेत, तरी आपण सोडायचं नाही. पुढच्या शनिवारी कळलं की तो त्या महायुद्धातला इंग्लंडचा पंतप्रधान होता. आपल्यावर राज्य करणाऱ्यांचं भाषण मला म्हणायला लावलं म्हणून मी फुरंगटून बसले, आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत: तो आपल्याला स्वातंत्र्य द्यायला तयार नव्हता हेही लिहून घे, आणि तो त्याच्या लोकांशी खोटं बोलला नाही हेही लिहून घे, दोन्ही एकाच पानावर राहू देत. मग तुम्ही आमच्या आईचं उदाहरण दिलंत, माझा जीव लाजेने अर्धा झाला. पासष्टच्या युद्धात आपल्या पंतप्रधानांनी देशाला सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. पुढे धान्य आलं, ते पंतप्रधानही गेले, पण आमची आई सोमवारी रात्री जेवत नव्हती ती नव्हतीच. देवाचा उपास नव्हता तो. ती अगदी शेवटपर्यंत सोमवारी रात्री जेवली नाही, सर, हे तुम्ही गेल्यावरचं आहे म्हणून सांगते.

आणि मग तुमच्या लाडक्याची पाळी. वर्गात सगळ्यांत आधी ज्याचा आवाज फुटला होता, तो. त्याला तुम्ही दिलेलं भाषण हळू सुरू व्हायचं, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं. आपल्याला फसवलंय, आपण थकलोय असं ते समजतायत. आणि मग प्रश्न. एकामागून एक प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर शक्य. तुम्ही आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं, तरी दुसऱ्याच प्रश्नाला मागच्या बाकावरून कुणीतरी "हो" म्हणालं. तिसऱ्याला अर्धा वर्ग. शेवटी आम्ही बाक बडवत होतो, शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या, आणि तुम्ही खिडकीशी नुसते उभे होतात. पुढच्या शनिवारी तुम्ही झाकण काढलंत. त्याच महायुद्धातल्या जर्मन हुकूमशहाचा प्रचार सांभाळणारा मंत्री, तुम्ही म्हणालात, आणि मग ज्यूंच्या छळछावण्यांबद्दल सांगितलंत, सावकाश, आवाज न चढवता. तुम्ही आम्हाला रागावला नाहीत, फक्त म्हणालात की तुम्ही हो म्हणालात, हे विसरू नका.

तो मात्र त्या शनिवारी वर्गात नव्हता. त्याच आठवड्यात त्याच्या बापाने त्याला मुंबईला बर्फाच्या कारखान्यात चिकटवलं होतं. तुम्ही हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबलात आणि पुढे गेलात. सर, मला हे इतकं स्पष्ट आठवतंय याचंच मला आता आश्चर्य वाटतं, कारण इतक्या वर्षांत त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

स्पर्धेचा यंदाचा विषय होता युद्धकाळातली गाजलेली भाषणं, त्यांची तुलना आणि परिणाम. विषय त्यानेच सुचवलेला. निवृत्त होऊन तो दिवेआगरला वाडीत राहायला आलाय, गावात त्याला मान आहे, तुमच्या नावाची स्पर्धाही त्यानेच सुरू केली. मुलं बोलत होती, बरीच मोबाईलवरून उचललेलं बोलत होती, मी गुण टाकत होते. मग त्याची नात उभी राहिली. नववीतली. आजोबांचा आवाज तिच्या गळ्यात कसा उतरलाय, सर, तुम्ही ऐकायला हवं होतं. तिने इंग्लंडच्या पंतप्रधानाचं घेतलं, मग सोमवारच्या जेवणाचं घेतलं, आणि म्हणाली, आता तिसरं भाषण, जे जगाला ठाऊक नाही पण आपल्या खाडीला ठाऊक आहे, आपल्या सरांनी युद्धाच्या वेळी स्वतः रचलेलं. आणि ती हळू आवाजात बोलायला लागली.

पहिल्या वाक्याला माझ्या हातातलं पेन थांबलं. दुसऱ्या वाक्याला मला वाटलं की मला भास होतोय. मग पहिला प्रश्न आला, आणि अख्खं सभागृह "हो!" म्हणालं. शिक्षक, पालक, सरपंच, चहा द्यायला आलेल्या बायका, सगळे. त्यांना प्रश्न पाठ होते, सर! कुठे थांबायचं, कुठे ओरडायचं, आरतीसारखं पाठ होतं. समोर तुमचा हार घातलेला फोटो. आजूबाजूला कुणाच्याच तोंडावर काही नाही, नुसता आनंद. टाळ्या थांबेनात, आणि शेजारचे परीक्षक माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय लिवलंय सरांनी! आजपन काटा येतो."

पहिला नंबर तिचाच आला. माझे गुण कमी होते तरी आला. आता ती अलिबागला जिल्ह्याच्या फेरीत तेच बोलणार. तिथे एखाद्याने ओळखलं तर त्या पोरीचं काय होईल, आणि तुमच्या नावाचं काय होईल, हे मला दिसत होतं. आणि कुणीच ओळखलं नाही तर काय, हे त्याहून जास्त दिसत होतं. म्हणून बोट चुकवली आणि त्याच्या घरी गेले.

वाडीत पूर्वीइतक्या पोफळी नाहीत. निसर्ग वादळाने आडव्या केल्या, नवीन लावलेल्या आता कुठे उभ्या राहिल्यात. तो ओटीवर सुपारी सोलत बसला होता. मला बघून त्याला कोण आनंद! "ये गं बाय, बस. ऐकलंस ना पोरीला? सर असते तर रडले असते." मी म्हटलं, ते भाषण सरांचं नाही. तो हसला. "सरांचंच हाय. सरांनी सोताच्या हातानं लिवून दिलंय मला." मी म्हटलं, लिहून दिलं, रचलं नाही, आणि मग तू गेल्यानंतरच्या शनिवारी काय झालं ते सगळं सांगितलं. त्याचं हसू जाईना, तोंडावर तसंच राहिलं, पण हात थांबले. "न्हाय गं," तो म्हणाला, "कायतरी घोळ होतोय तुझा." तेवढ्यात नात मोबाईल घेऊन बाहेर आली. ती आत ऐकत होती आणि तिने शोधून काढलं होतं. ती वाचायला लागली. मराठी करत, अडखळत. दोन-तीन प्रश्न वाचले तेव्हा तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला. वादळ झालं तेव्हा लोक डोक्याला हात लावून बसले होते, म्हणाला, मी देवळापुढं हे भाषण केलं आणि सकाळी सगळं गाव कोयते घेऊन पडलेली झाडं तोडायला वाड्यांत उतरलं. गाव कामाला लागलं ते मला माहीत होतं, तेव्हा पेपरात आलं होतं; तेव्हापासून दर उत्सवात लोक हे भाषण म्हणायला लावतात, ते आता कळलं. "आन वादळाच्या आधी," तो म्हणाला, आणि थांबला. त्याच्या आधीचं मला माहीत नव्हतं. बंदराजवळ एक मुसलमान कुटुंब होतं, पिढ्यान् पिढ्या सुपारीचा व्यापार, मुलगे आखातात. धक्क्याचा रस्ता त्यांच्या आवारातून न्यायचा होता, म्हाताऱ्याने नाही म्हटलं. गावची सभा भरली. सुट्टीवर आलेला हा उभा राहिला. भाषणात 'शत्रू' होताच, नाव घालायची गरजच पडली नाही. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी सुपारी विकायला घातली नाही, त्यांच्या दारात कुणी उभं राहिलं नाही. म्हातारा घर विकून मुंब्र्याला गेला, तिथेच वारला. "बाय," तो म्हणाला, "मला वाटायचं, येकदा माझं चुकलं आन येकदा बरोबर आलं. पन लोक दोनी येळेला सारखंच व्हय म्हनले गं. तसंच्या तसं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला, तर त्याने तो काढून घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सरांकडं माझा पत्ता व्हता. शाळेचा दाखला मागवला तवा मी कारखान्याचा पत्ता धाडलेला. दाखला आला. येक कार्ड टाकायचं व्हतं ना त्याच्याबरोबर. का न्हाय टाकलं?"

सर, याचं उत्तर द्या. मी तुमची बाजू घ्यायला गेले. वर्गात इतकी मुलं होती, एक गेलं, तुमच्या ध्यानात राहिलं नसेल. पण तुम्ही त्याच्या नावापाशी थांबला होतात, मी पाहिलंय. जे आम्हाला शनिवारी दिलंत ते त्याला द्यायचं राहिलं, आणि त्याने बिचाऱ्याने तुमचं म्हणून जपलं, तुमच्याइतक्याच प्रेमाने नातीला दिलं. मला तुमचा राग येतोय. तुमच्यावर असा राग येईल असं मला कधी वाटलं नव्हतं, त्याचाही धक्का बसलाय.

निघताना पोरगी फाटकापर्यंत आली. तिचे डोळे सुजले होते, पण तुमच्या लाडक्याची नात ती, रडं संपवून कामाला लागलेली. म्हणाली, "मॅडम, मी अलिबागला जानार. तिसरं भाषण कुनाचं हाय ते सांगूनच बोलनार. आमच्या गावानं काय केलं ते पन सांगनार. आज्जा व्हय म्हनलाय. पन मला तुमचं वालं नीट पाठ करायचंय, इंग्लंडचं. सरांच्या मराठीतलं. ते कुठंच मिळत न्हाय. तुम्ही सांगा, मी लिवून घेते."

मी तिथेच उभ्या उभ्या सुरुवात केली. शहरं जळतायत, इथपर्यंत आले. सैन्य माघारी आलंय, म्हटलं. मग थांबले. पुढचं आठवेना. तिला म्हटलं, घरी जाऊन आठवून पाठवते, आणि बोटीत बसून खाडी ओलांडेपर्यंत आठवत राहिले. काही नाही, सर. माझ्या वाट्याचं भाषण, जे मी शाळेत म्हटलं, आईसमोर म्हटलं, ज्यावर तुमची बोलणी खाल्ली, त्याची दोन वाक्यं शिल्लक आहेत. कालपासून कागद घेऊन बसले, तेवढीच येतात. तिला तसं कळवायला हवं, ते अजून जमलेलं नाही. आणि हे पत्र लिहिता लिहिता मी त्याचं भाषण मनात म्हणून बघितलं, जे मी कधीच पाठ केलं नव्हतं, एकदाच ऐकलं होतं आणि परवा पुन्हा एकदा. ते मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत येतं, आणि प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणते.